तिसऱ्या पिंपावरचा फासा

मंगळवारी सकाळी सात वाजून चाळीस मिनिटांनी नावाड्याने दुकानाच्या काउंटरवर एक लाकडी मासा ठेवला आणि दोन पावलं मागे सरकून उभा राहिला.

थोरलीने नुकतंच शटर वर केलं होतं. कुलूप अजून हातातच होतं. तिने माशाकडे पाहिलं, मग कुलपाकडे, आणि कुलूप अगदी हळू, आवाज न करता काचेवर ठेवलं.

"कुठे मिळाला?"

"तलावातल्या तिसऱ्या पिंपाच्या साखळीत. गवताचा गुंता सोडवत होतो, तर हा हाताला लागला." नावाड्याने ओले हात पँटला पुसले. "चहासुद्धा न पिता आलो, ताई."

मासा बोटभर लांब होता. पाठ हिरवी, पोट एकेकाळी पांढरं. डावा डोळा म्हणजे काळा खिळा आणि उजव्या डोळ्याच्या जागी शर्टाचं टिचबटण, कारण हा मासा करताना बाबांचे खिळे संपले होते. बाबांनी गळाला आमिष म्हणून लावायचे, लाकडाचे असे अकरा मासे केले. हा अकरावा. तो झाल्यावर दीड वर्षाने बाबा गेले, आणि त्यानंतर दोन वर्षांनी हा मासा घेऊन तिचा भाऊ, धाकटा, तलावावर गेला. तो परत आला नाही. त्याला या महिन्यात सात वर्षं झाली. नाव सापडली होती, काठी सापडली होती. माणूस सापडला नाही आणि मासाही नाही.

शुक्रवारी अकरा वाजता कोर्टात तारीख होती. धाकट्याला मृत मानावं असा अर्ज त्याच्या बायकोने केला होता. त्याला थोरलीचं प्रतिज्ञापत्र जोडायचं होतं. कागद टाइप होऊन आला होता आणि चार दिवस दुकानाच्या खणात पडून होता. त्यातलं चौथं वाक्य असं होतं: 'गेल्या सात वर्षांत बेपत्ता व्यक्तीचा कोणताही माग, खूण अथवा निरोप मला मिळालेला नाही.'

थोरलीने दिवा लावला, चष्मा चढवला आणि मासा जवळ घेतला.

गळ गंजून गेले होते. पोटाखालच्या तिकाटण्याचा, म्हणजे तीन टोकांच्या गळाचा, नुसता बुडखा उरला होता. रंगाचे पोपडे सुटले होते. सात वर्षं पाण्यात राहिलेलं लाकूड जसं असावं तसंच ते होतं. नाकातल्या कडीला मात्र वीतभर तंगूस, गळाचा नायलॉनचा दोरा, बांधलेला होता. लिंबू रंगाचा, नवा, लखलखीत. हा रंग तिच्या दुकानात येऊन अकरा महिने झाले होते. त्याआधी तो या भागात कोणी पाहिलाही नव्हता.

आणि गाठ धाकट्याची होती.

*

या दुकानात सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न एकच. "ताई, गाठ मारू की क्लिप लावू?" तीस वर्षांत थोरलीने तो इतक्यांदा ऐकला होता, की गिऱ्हाइकाने तोंड उघडायच्या आत तिचं उत्तर तयार असे. गोल फिरणारं चमच्यासारखं आमिष असेल तर मध्ये भिंगरीची कडी हवीच, नाहीतर दोऱ्याला पीळ बसून टेलिफोनच्या वायरीसारखं गुंडाळं होतं. सारखं आमिष बदलायचं असेल तर क्लिप. चाप दाबला, जुनं काढलं, नवं अडकवलं. जड, तळाला जाणारं असेल तर सरळ कडीवर गाठ आवळा. पण लाकडाचा हलका मासा असेल तर कडीत मोकळा फासा ठेवायचा. "गळ्याला टाय आवळून कोणी नाचतं का?" असं ती विचारी. गिऱ्हाईक हसे आणि शेवटी क्लिपच घेऊन जाई.

मोकळा फासा बाबांचा. आधी दोऱ्यात एक सैल गाठ, मग टोक कडीतून ओवून त्याच गाठीत परत, मग मूळ दोऱ्याभोवती पाच वळणं, आणि शेवटी टोक पुन्हा त्या गाठीतून, ज्या बाजूने आलं त्याच बाजूने बाहेर. थुंकी लावून ओढायचं. थोरली हे बाबांच्या शेजारी बसून शिकली. धाकटा शिकला समोर बसून, कारण शेजारची जागा थोरलीने अडवलेली होती. त्यामुळे आरशात पाहिल्यासारखं त्याचं सगळं उलटलं. तो वळणं उलट्या दिशेने घेई, आणि टोक परत घालताना त्याची बाजू हमखास चुके. गाठ दिसायला ठीक दिसे. पण जोर बसला की सरकत सरकत सुटे. बाबांनी त्याला शेजारी बसवून पाहिलं, त्याचे हात धरून पाहिले, एकदा डोक्यात टपलीही मारली. हाताला जे लागलं ते लागलं. शेवटी बाबांनी नाद सोडला आणि थोरलीला सांगितलं, "त्याचं तू बघत जा."

ती बघत असे. धाकटा तलावावर निघाला की त्याच्या नकळत त्याची गाठ कापायची आणि आपली मारायची. त्याला ते ठाऊक होतं आणि तो ठाऊक नसल्यासारखं करी. आणखी एक खूण होती. थोरली दोऱ्याचं टोक कात्रीने कापे. धाकटा दाताने तोडी, त्यामुळे ते चपटं होई.

काउंटरवरच्या गाठीची वळणं उलटी होती. टोक चुकीच्या बाजूने आलेलं होतं. आणि चपटं होतं.

"ताई," नावाडी म्हणाला, "पोलिसात द्यायचा का?"

"देऊ. आधी चहा पिऊन ये."

"तुम्हाला आणू?"

"नको," ती म्हणाली. मग म्हणाली, "आण."

*

सात वर्षांपूर्वी, तो गेला त्याच्या आदल्या संध्याकाळी जे झालं ते थोडं होतं. दुकानात सहा-सात गिऱ्हाइकं होती. धाकट्याने बाबांचा अकरावा मासा न विचारता कपाटातून काढला आणि काउंटरच्या कडेला उभा राहून म्हणाला, "ताई, याला क्लिप लावू?"

"बाबांच्या माशाला क्लिप? त्या वजनाने त्याचं नाक खाली जातं. फासा मार."

"मग तू मार."

"तुझे हात मोडलेत का? तुझं तू बांध."

गिऱ्हाइकं हसली. तोही हसला. सकाळी सहाला तो निघाला तेव्हा ती जागी होती, पण उठली नाही.

सव्वानऊला त्याची नाव तिसऱ्या पिंपाजवळ सापडली. धरणाच्या भिंतीपासून लांब राहावं म्हणून पाण्यात रंगवलेली पिंपं साखळीने बांधलेली आहेत, त्यांतलं तिसरं. नाव सरळ होती, काठी आडवी पडलेली. पोलिसांनी पंचनाम्यात 'दोरा तुटलेला' असं लिहिलं. थोरलीने ते टोक हातात घेऊन पाहिलं होतं. तुटलेला दोरा सरळ राहतो. या टोकाला डुकराच्या शेपटीसारखा पीळ होता. गाठ तुटली नव्हती, सरकून सुटली होती. सुटलेला लाकडी मासा बुडत नाही. तो तरंगत, हाताच्या टप्प्याच्या जरासा पलीकडे, हलत राहतो. बाबांचा शेवटचा मासा. धाकटा वाकला असणार. पोहणं त्याला कधीच धड जमलं नाही.

हे तिने कोणालाही सांगितलं नाही. पोलिसांना नाही, आईला नाही आणि धाकट्याच्या बायकोला तर नाहीच. आई पुढे तीन वर्षांनी गेली, तेव्हाही नाही.

*

धाकट्याची बायको दुपारी आली. नावाड्याने चहाच्या टपरीवर सांगितलेली बातमी तिच्यापर्यंत पोचायला दोन तास पुरले होते.

"वन्सं, दाखवा."

थोरलीने खण उघडला. मासा प्रतिज्ञापत्रावरच ठेवलेला होता. धाकट्याच्या बायकोने तो उचलला नाही, वाकून पाहिला. टिचबटणाच्या डोळ्याकडे पाहताना तिचा चेहरा जरासा हलला.

"बरं. सापडला," ती म्हणाली. "माणूस बुडाला, मासा सात वर्षांनी वर आला. यात नवल काय?"

"दोरा बघ."

"बघितला. तुमच्या दुकानातला आहे. अख्खं गाव तोच वापरतं."

"गाठ त्याची आहे."

ती स्टूल ओढून बसली. "वन्सं, एक सांगा. शुक्रवार तुम्हाला माहीत होता. चार दिवस कागद खणात आहे. आजच बरा हा मासा वर आला?"

"म्हणजे मी आणला म्हणतेस?"

"मी काही म्हणत नाही. मी विचारतेय." तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. "सात वर्षं मी दाराला आतून कडी घातलेली नाही. तुम्हाला ठाऊक आहे? रोज झोपताना नुसतं लोटून ठेवते. चष्मेवाला काय म्हणाला माहितीये? म्हणाला, लग्नानंतर आपल्या घराला कडी लावायची, एवढी एकच अट."

चष्मेवाला म्हणजे बाजारातला चष्म्याचा दुकानदार. शांत, विधुर माणूस. थोरलीच्या नाकावरचा चष्मा त्यानेच केलेला होता.

"माणूस चांगला आहे," थोरली म्हणाली.

"चांगला आहे म्हणून दोन वर्षं थांबलाय. वाईट असता तर केव्हाच पळाला असता."

थोरलीने लिंबू रंगाचं रीळ काढलं, दोन हात तंगूस तोडला आणि तिच्यापुढे एक कडी ठेवली. "फासा मार."

"आता परीक्षा घेताय?"

"तुलाही त्यानेच शिकवला होता."

तिने मारला. नवं लग्न झालेलं असताना ती धाकट्याच्या समोर बसून शिकली होती. उलट्याचं उलट केलं म्हणजे सुलटच होतं; तिची वळणं बाबांसारखी पडली. तिने गाठ थोरलीपुढे सरकवली. "मिळाला चोर? आता तुम्ही मारा."

थोरलीने मारला. सुलटा. टोक कात्रीने कापलं.

"बघून बांधलात," धाकट्याची बायको म्हणाली. "बघून बांधलं की बरोबरच येणार. तुम्ही दिवसभर गिऱ्हाइकाशी गप्पा मारत, बाहेर बघत बांधता. तेव्हा कसा येतो, कधी पाहिलंयत?"

थोरलीने रीळ परत जागेवर ठेवलं.

"वन्सं, मी भांडायला नाही आले. तुम्ही सही केली नाहीत तर तारीख पुढे जाईल. मग परत पुढे. मी एकेचाळीस वर्षांची आहे." ती उठली. "आणि तो जिवंत असेल, तर सात वर्षं इथून अर्ध्या तासावर कुठेतरी बसून आपल्याला वाट बघायला लावतोय, असा माणूस तुम्हाला परत हवाय? मला नकोय."

पायरीवर थांबून ती वळली. "तुम्ही पोटात काय ठेवलंयत ते मला माहीत नाही. पण काहीतरी ठेवलंयत. त्याच्यापायी मला बांधून ठेवू नका."

*

बुधवारी थोरलीने दुकान अर्धा दिवस बंद ठेवलं आणि माणसं गाठली. लिंबू रंगाचा तंगूस कोणी कोणी नेला होता ते तिला तोंडपाठ होतं. नऊ जण. त्यात एक निवृत्त ड्रायव्हर होता, दोघे गिरणीतले भाऊ, एक दंतवैद्य, एक शिंपी, बाकी रविवारचे हौशी. प्रत्येकासमोर तिने कडी आणि दोरा ठेवला आणि म्हटलं, "फासा मारून दाखवा." कारण सांगितलं नाही.

ड्रायव्हरने क्लिप काढून दाखवली. "वयाच्या साठीनंतर गाठी सोडवायच्या असतात, ताई, मारायच्या नसतात." शिंप्याने सुईतला दोरा बांधावा तशी भलतीच गाठ मारली. भावांनी एकमेकांच्या चुका काढत एकच गाठ दोघांनी बांधली. दंतवैद्याने हातमोजे काढून शांतपणे सरळ कडीवर आवळली आणि फी मागितली. उरलेल्या चौघांत तिघे फासा जाणत होते. तिघेही तो तिच्याच दुकानात, तिच्या शेजारी उभं राहून शिकले होते. तिन्ही सुलटे.

संध्याकाळी ती पोलीस चौकीत गेली. अंमलदाराने मासा पाहिला, टिचबटण दाबून पाहिलं, आणि विचारलं, "यात गुन्हा काय?" तिने गाठ दाखवली. त्याने वहीत नोंद केली: 'लाकडी मासा, एक, जुना.' गाठीची नोंद त्याने केली नाही. मासा परत दिला.

परत आल्यावर तिने दुकानातल्या तयार आमिषांचा खोका काढला. गिऱ्हाइकांसाठी आधीच दोरा बांधून ठेवलेली ती आमिषं होती. बांधणारे हात तिचेच. चष्मा लावून तिने एकेक गाठ दिव्याखाली धरली. चौतीस होती. तेहतीस सुलटी होती.

चौतिसावी तिने दोनदा पाहिली. मग कात्रीने कापून केराच्या डब्यात टाकली. मग डब्यातून काढली आणि काड्यापेटीत ठेवली. टोक कात्रीचं होतं. वळणं उलटी होती.

*

गुरुवारी सकाळी साडेसहाला तिने नावाड्याला नाव काढायला सांगितली.

"काय करायचंय, ताई?"

"मासा होता तिथे परत लावायचाय."

त्याने वल्हं पाण्यात घातलं. नाव काठापासून सुटल्यावर म्हणाला, "हे कोर्टात चालणार नाही."

"कोर्टासाठी नाही."

धाकट्याची गाठ तिने आदल्या दिवशीच कापून काड्यापेटीत आपल्या उलट्या गाठीच्या शेजारी ठेवली होती. पाण्यावर वारा होता आणि पिंपांच्या साखळ्या मधूनच वाजत होत्या. तिसऱ्या पिंपाच्या आसपास पाणी काळं दिसतं, कारण तिथून तळ एकदम खाली जातो. नावाड्याने नाव पिंपाला टेकवली. थोरलीने नवा तंगूस घेतला, माशाच्या नाकातल्या कडीत ओवला आणि फासा मारला. दुसरं टोक साखळीच्या कडीला पक्कं बांधलं. मासा पाण्यात सोडला. तो कुशीवर पडला, मग सरळ झाला आणि टिचबटणाच्या डोळ्याने वर बघत हलत राहिला.

"कोणी असलंच," ती म्हणाली, "तर त्याला ही गाठ माझी आहे हे कळेल."

"आणि नसलं तर?"

"तर उद्या अशीच असेल. माझी गाठ सुटत नाही."

"ते खरंय," नावाडी म्हणाला. "तुमची कधी सुटली नाही."

परतीच्या वाटेवर तिने दोनदा मागे वळून पाहिलं. दुपारी खणातून प्रतिज्ञापत्र काढून वाचलं. तीन वाक्यं खरी होती. चौथ्याशी ती थांबली. मग तिच्या लक्षात आलं की पाचवं वाक्य लिहायला हवं होतं ते कागदावर नाहीच: की दोरा तुटला नव्हता. पेन उघडून तिने समासात 'दोरा' एवढं लिहिलं, आणि पेन बंद केलं.

*

शुक्रवारी सात वाजून पाच मिनिटांनी ते तिसऱ्या पिंपापाशी पोचले. रात्रभर वारा नव्हता. पाणी काचेसारखं होतं.

मासा नव्हता.

साखळीला तंगूस तसाच होता. थोरलीने तो हातावर घेतला आणि टोकापर्यंत आली. टोक सरळ नव्हतं. डुकराच्या शेपटीसारखा पीळ होता. तिने वळणं मोजली. पाच.

"तुटला?" नावाड्याने विचारलं.

"सुटली."

"तुमची?"

तिने चष्मा पुसला आणि पीळ उजेडाकडे धरला. सुटलेल्या गाठीचा पीळ जसा मारला त्याच दिशेने राहतो. हा उलटा होता.

"काल मी बांधताना तू बघत होतास ना?"

"होतो की."

"कशी बांधली?"

"हाताने," नावाडी म्हणाला. तिच्या चेहऱ्याकडे पाहून गडबडला. "म्हणजे नेहमीसारखी, ताई. मला त्यातलं कळत नाही. तुम्ही माझ्याशी बोलत होतात. पाण्याकडे बघत होतात."

"गाठीकडे नव्हते बघत?"

"तुम्ही कधी बघता?"

ते पाऊण तास शोधत राहिले. पिंपांच्या रांगेने पुढे गेले, गवताच्या कडेने मागे आले. तरंगणारा मासा वारा नसताना लांब जात नाही. नावाड्याने काठीने गवत चाळलं. एकदा तो जरासा जास्तच वाकला, तेव्हा थोरलीने त्याचा शर्ट मागून घट्ट धरला आणि तो सरळ बसेपर्यंत सोडला नाही.

आठ वाजून दहा मिनिटांनी ते काठाला लागले. तिने तंगुसाचं टोक काड्यापेटीत ठेवलं. आता पेटीत तीन तुकडे होते. एक दाताने तोडलेला, एक कात्रीने कापलेला. तिसऱ्याचं टोक तिने उजेडात दोनदा पाहिलं. ते चपटं होतं. पण दगडावर घासून तसं होऊ शकतं, मासळीच्या तोंडानेही होऊ शकतं.

अकराला दहा मिनिटं कमी असताना ती कोर्टाच्या व्हरांड्यात पोचली. धाकट्याची बायको बाकावर बसलेली होती. शेजारी चष्मेवाला उभा होता, हातात पाण्याची बाटली. तिने थोरलीला जागा करून दिली.

"कागद आणलात?"

"आणलाय."

"सही?"

थोरलीने कागद मांडीवर पसरला आणि त्यावर काड्यापेटी ठेवली. "आधी तुला एक सांगायचंय. सात वर्षांपूर्वीचं. ते ऐक, मग तू म्हणशील तिथे सही करते."

धाकट्याची बायको काड्यापेटीकडे पाहत राहिली. मग चष्मेवाल्याला म्हणाली, "तुम्ही जरा चहा घेऊन येता का?"

अकरा वाजून वीस मिनिटांनी शिपायाने पहिला पुकारा केला, तेव्हा दोघी व्हरांड्याच्या टोकाला उभ्या होत्या. थोरली बोलत होती. अकरा पंचवीसला दुसरा पुकारा झाला. सहीची जागा तोवर कोरी होती. मासा अजून मिळालेला नाही.